जोखीम नको असणाऱ्यांनी निर्णय कसा घ्यावा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा माझ्या एका स्नेह्यांची मोटार इमारतीच्या तळघरात दोन दिवस बुडून राहिली. हे गृहस्थ आयुष्यभर कमालीचे सावध. शेअर बाजाराकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिले नाही, ठेवी चार बँकांत विभागून ठेवल्या आणि साधा पंखा घ्यायचा तरी तीन दुकानांत भाव विचारला. पाणी ओसरल्यावर त्यांनी मोटार सुरू करून पाहिली आणि इंजिन कायमचे बसले. विमा कंपनीने इंजिनाची भरपाई दिली नाही, कारण पाणी शिरून होणाऱ्या नुकसानीसाठी लागणारे ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकलम त्यांनी हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून घेतलेच नव्हते. घराचा विमा तर मुळात नव्हताच. पहारा चोख होता, पण तो भलत्या दाराशी होता.

मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांचे हिशेब पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि घरी दांडिया बाजारातल्या झोपाळ्यावर बसून होणारे कौटुंबिक निर्णयही मी पुष्कळ ऐकले. दोन्हीकडे माणसे एकाच पद्धतीने घाबरतात आणि एकाच पद्धतीने फसतात. ज्यांचा स्वभाव जोखमीपासून दूर राहण्याचा आहे, त्यांनी तो बदलावा असे मला वाटत नाही. त्यांनी आपला सावधपणा कोणत्या दाराशी उभा करावा, एवढेच मी येथे सांगणार आहे.

आधी आपली भीती मोजून घ्यावी

एक प्रश्न स्वतःला विचारावा. नाणे उडवायचे आहे. काटा पडला तर तुम्ही १,००० रुपये द्यायचे. छापा पडल्यास किमान किती रुपये मिळणार असतील, तर तुम्ही हा डाव खेळाल? उत्तर मनात न ठेवता कागदावर लिहावे. बहुतेक लोक २,००० च्या आसपासचा आकडा लिहितात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या आणि १९९२ मध्ये सुधारलेल्या सिद्धान्तात हाच कल मोजलेला आहे; त्यांच्या मापनात तोट्याचे दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा साधारण सव्वादोन पट भरले. तुमचा आकडा ५,००० असेल, तर तुम्ही सामान्य माणसाच्याही पुढे गेलेले सावध आहात आणि पुढील प्रत्येक निर्णयात हे लक्षात ठेवून चालले पाहिजे.

मात्र मोठा आकडा लिहिला म्हणून कोणी स्वतःला भित्रा ठरवू नये. गणिती डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्येच दाखवून दिले होते की, एकाच रकमेची किंमत प्रत्येकाला सारखी नसते. ज्या चिठ्ठीवर २०,००० डुकाट (त्या काळची सोन्याची नाणी) मिळण्याची किंवा काहीच न मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, ती चिठ्ठी गरीब माणसाने ९,००० डुकाटांना विकून टाकली तर ते शहाणपणाचे ठरते, आणि श्रीमंताने तीच ९,००० ला विकत घेतली तर तेही शहाणपणाचे ठरते. म्हणून आपली भीती कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखावे. तोटा झाला तर घरखर्च, मुलांची फी किंवा कामगारांचे पगार थांबणार असतील, तर ती भीती खिशातून आलेली आहे आणि तिचे ऐकावे. तोटा झाला तर केवळ नातेवाइकांसमोर मान खाली जाणार असेल, तर ती भीती मनातून आलेली आहे, आणि तिला निर्णयात एक मत द्यावे, पण नकाराधिकार देऊ नये.

ओळखीचे म्हणजे सुरक्षित नव्हे

अर्थतज्ज्ञ डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ मध्ये एक साधा विचारप्रयोग मांडला. एका भांड्यात ५० लाल आणि ५० काळे चेंडू आहेत. दुसऱ्यात एकूण १०० चेंडू आहेत, पण रंगांचे प्रमाण सांगितलेले नाही. बक्षीस कोणत्याही एका रंगावर लावायचे असले, तरी लोक पहिलेच भांडे निवडतात, मग रंग लाल असो वा काळा. येथे लोक जोखमीला टाळत नाहीत, अज्ञाताला टाळतात. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत: जोखीम कमी करायची तर पैसे कमी लावावे लागतात किंवा विमा घ्यावा लागतो, अज्ञात कमी करायचे तर फक्त चौकशी करावी लागते.

आपल्याकडे ही गल्लत ठेवींच्या बाबतीत सर्वांत महाग पडते. ज्या क्रेडिट सोसायटीचा व्यवस्थापक आपल्याच गल्लीतला आहे, जिच्या गणेशोत्सवातल्या वर्गणीची पावती दरवर्षी आपल्याकडे येते, ती सोसायटी सुरक्षित वाटते. परंतु ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकांतील ठेवींना असते. पतसंस्था आणि क्रेडिट सोसायट्या त्याच्या बाहेर राहतात. बँकेतही हे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदारास दर बँकेमागे, व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत आहे, आणि एकाच बँकेच्या रावपुरा व अलकापुरी अशा दोन शाखांत पैसे ठेवल्याने ते दुप्पट होत नाही. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली, तेव्हा गुजरातमधील अनेक सहकारी बँकांचे पैसे तिच्यात अडकले होते. म्हणजे ठेवीदाराने आपली बँक पारखली तरी त्या बँकेने पुढे कोणावर विश्वास टाकला, हे त्याला दिसत नव्हते.

म्हणून ‘भरवशाचे’ हा शब्द तोंडात आला की, ते कशामुळे भरवशाचे आहे हे एका वाक्यात लिहावे. ‘अमुक कायद्याने संरक्षित आहे’, ‘रेरामध्ये (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे) नोंदणी आहे’, ‘दागिन्यावर सहा अंकाक्षरी हॉलमार्क क्रमांक आहे’ ही वाक्ये चालतात. ‘काकांनीही तेथेच ठेवले आहेत’ हे वाक्य चालत नाही, कारण काकांनी कोणाचे पाहून ठेवले, हे विचारले तर बहुधा उत्तरात आपलेच नाव निघते.

परतीची वाट आहे का?

सावध माणूस सर्व निर्णयांना सारखाच वेळ देतो, हा त्याचा मोठा तोटा आहे. फ्रिजच्या निवडीला तीन आठवडे आणि वीस वर्षांच्या विमा पॉलिसीला एक दुपार, असे मी किती घरांत पाहिले आहे! पहिली वस्तू नापसंत ठरली तर थोड्या तोट्यात विकता येते. दुसरी मध्येच सोडली तर भरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग जातो. निर्णय समोर आला की, भाव आणि ब्रँड यांच्याआधी हे विचारावे: चुकले तर परत फिरायला किती पैसे आणि किती दिवस लागतील? परतीचा खर्च लहान असेल, तर दोन ठिकाणी चौकशी करून संध्याकाळपर्यंत निर्णय संपवावा. परतीची वाटच नसेल, तर दहा वेळा विचार करावा आणि शक्य असेल तेथे वाट स्वतः तयार करावी. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यावर ती वाचून परत करण्यासाठी आता ३० दिवस मिळतात. रेराच्या कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. या वाटा कायद्याने बांधून दिलेल्या आहेत, पण चालत जाणारा कोणी नसतो. माझ्याही कपाटात ‘हमी’ या एका शब्दावर भुलून घेतलेली एक पॉलिसी आहे, जी मी त्या मुदतीत उघडूनही पाहिली नव्हती.

काही न करण्याचेही बिल येते

जैसे थे राहणे हा निर्णय नाही, असे सावध माणसाला वाटते. अर्थतज्ज्ञ विल्यम सॅम्युअलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९८८ मध्ये दाखवले की, एखादा पर्याय ‘सध्या चालू असलेला’ म्हणून मांडला, तर केवळ तेवढ्यावरून लोक तो अधिक निवडतात. मुदत ठेवीवर ६.५ टक्के व्याज मिळत असेल आणि त्यातला पाचवा हिस्सा करात जात असेल, तर हातात ५.२ टक्के उरतात. भाव ६ टक्क्यांनी वाढत असतील, तर ठेवीदार दरवर्षी थोडा गरीब होत आहे, फक्त पासबुकात तो आकडा लाल शाईने छापला जात नाही. पैसे नुसते घरात ठेवले, तर ६ टक्के भाववाढीत त्यांची खरेदीशक्ती सुमारे १२ वर्षांत निम्मी होते. याचा अर्थ ठेवी मोडाव्यात असा नाही. पाच वर्षांच्या आत लागणाऱ्या पैशांना ठेवीसारखी जागा नाही. पंधरा वर्षांनी लागणाऱ्या पैशांना मात्र तीच जागा सुरक्षित म्हणता येत नाही.

चालू गोष्टीची मोहिनी तोडण्याचा उपाय असा: ही वस्तू, हे खाते, हे यंत्र आज माझ्याकडे नसते आणि तेवढेच रोख पैसे हातात असते, तर मी हेच घेतले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर न विकण्याचे कारण लिहून दाखवावे. हा प्रश्न जुन्या लेथ यंत्रांबाबत विचारला की, कारखान्यातली शांतता ऐकण्यासारखी असते.

धंद्यातला सावधपणा

मालकाच्या सावधपणाला आणखी एक पदर असतो, तो म्हणजे तो दुसऱ्यांनाही सावध करतो. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी सांगितलेला प्रसंग मला फार बोलका वाटतो. एका कंपनीतील २३ विभागप्रमुखांना त्यांनी विचारले की, २० लाख डॉलर मिळण्याची आणि १० लाख डॉलर बुडण्याची शक्यता सारखीच असेल, तर तो प्रकल्प तुम्ही हाती घ्याल का? फक्त तिघांनी होकार दिला. मुख्याधिकाऱ्याला विचारले, तेव्हा त्याला २३ च्या २३ प्रकल्प हवे होते, कारण एकत्र हिशेबात निम्मे बुडाले तरी कंपनीचा नफाच होता. विभागप्रमुखांचाही हिशेब चुकलेला नव्हता: प्रकल्प यशस्वी झाला तर थोडी शाबासकी, बुडाला तर कदाचित नोकरी जाणार. आपल्या कारखान्यात कोणी नवी कल्पना सुचवत नाही, अशी तक्रार करणाऱ्या शेठने आधी हे आठवावे की, मागच्या वेळी नमुन्याचा माल परत आला तेव्हा आपण सुपरवायझरला सर्वांसमोर काय बोललो होतो. निर्णय घेतानाची माहिती पाहून माणसाला जोखावे, नंतरच्या निकालावरून नव्हे; आणि लहान-लहान जोखमींचा हिशेब एकेकटा न करता वर्षभराचा एकत्र करावा.

धंद्यात दिसणारी आणि न दिसणारी जोखीम यांचा घोळ सर्वांत जास्त एकाच ग्राहकावर चालणाऱ्या कारखान्यांत होतो. बडोद्याच्या आसपास ट्रान्स्फॉर्मर आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, आणि त्यांचे सुटे भाग करून देणारे शेकडो लहान कारखाने आहेत. ‘एकच पार्टी आहे, पण खात्रीची आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता मी उलट विचारतो: या पार्टीने उद्या दर ५ टक्क्यांनी उतरवा असे सांगितले, तर तुम्ही नाही म्हणू शकाल का? नाही म्हणता येत नसेल, तर तो सावधपणाचा धंदा नसून सर्वांत मोठी पैज आहे, फक्त ती रोज थोडी थोडी लावली जात असल्याने पैज वाटत नाही. वसुलीचेही तसेच आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागू होते, असे २००६ चा कायदा सांगतो. पार्टी नाराज होईल म्हणून कोणी तो वापरत नाही. ही भीती खोटी नाही, पण ती एकाच पार्टीमुळे जन्मली आहे. दोन पार्ट्या असत्या, तर तीच भीती अर्धी झाली असती.

नवे यंत्र घेण्याचा प्रश्न घेऊ. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे यंत्र, घ्यावे की नाही, यावर वर्ष-दीड वर्ष चर्चा होते आणि मग एखाद्या प्रदर्शनात, विक्रेत्याने चहा पाजल्यावर, ते अचानक घेतले जाते. सावध माणसे कंटाळली की अशी उडी मारतात. त्याऐवजी पायरी पाडावी. पहिले सहा महिने ते काम बाहेरून जॉबवर्कवर करून घ्यावे. नफा कमी होईल, पण ऑर्डर खरोखर किती येतात, हे समजेल. मग हिशेब उलट बाजूने करावा: यंत्र सहा महिने रिकामे पडले, तर बँकेचा हप्ता आणि पगार किती महिने निघतील? व्यवस्थापनाचे अभ्यासक जेम्स मार्च आणि झुर शपिरा यांनी १९८७ मध्ये व्यवस्थापकांच्या विचारपद्धतीविषयी लिहिताना नोंदवले होते की, व्यवस्थापक शक्यतांची सरासरी काढत बसत नाहीत, वाईटात वाईट काय होईल याच्या आकाराकडे पाहतात. ही पद्धत मला सदोष वाटत नाही. अट एवढीच की, त्या वाईट परिणामावर आकडा लिहावा. ‘बुडू’ हा आकडा नव्हे. ‘नऊ महिने हप्ते भरता येतील’ हा आकडा आहे.

अंतिम निर्णयापूर्वी एक बैठक घ्यावी. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये ही रीत लोकांसमोर मांडली. ‘एक वर्ष उलटले आहे आणि हा निर्णय साफ फसला आहे, का फसला ते लिहा,’ असे सर्वांना सांगावे आणि दहा मिनिटे कोणी बोलू नये. त्यानंतर सर्वांत कनिष्ठ माणसापासून वाचन सुरू करावे आणि शेठने शेवटी बोलावे. आपल्याकडे मोठ्यांसमोर ‘हे चुकेल’ असे म्हणणे उद्धटपणाचे समजतात. ‘हे चुकले आहे, कारण सांगा’ असे मोठ्यांनीच विचारले की, स्टोअरकीपरसुद्धा सांगतो की, त्या यंत्राचे सुटे भाग यायला दोन महिने लागतात.

सावधपणाने धाडस करता येते, याचे उदाहरण आपल्या गावातच आहे. सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१३ ते १९१७ या काळात, देशात ८७ बँका बुडाल्या, आणि ही टिकली. संस्थानात स्वतःची बँक काढणे ही जोखीम होती. कर्ज कोणाला द्यायचे हे पारखण्यात ती घ्यायची नव्हती.

विमा कशाचा घ्यावा

मोबाइलच्या काचेचा वाढीव विमा घेणारी आणि घर उघडे ठेवणारी माणसे एकच असतात. फुटणारी काच डोळ्यांसमोर येते. पूर मात्र ‘आपल्या सोसायटीत येत नाही’. अमेरिकेतील पूरविम्याचा अभ्यास करणारे हॉवर्ड कुनरॉयथर यांना असे आढळले की, लोक पूर येऊन गेल्यावर विमा घेतात आणि काही वर्षे कोरडी गेली की तो सोडून देतात. बडोद्यात जुलै २०१९ च्या अखेरीस मगरी रस्त्यावर आल्या होत्या. २०२४ पर्यंत त्याचे किस्से उरले होते, पॉलिस्या उरल्या नव्हत्या.

नियम सोपा ठेवावा: जे नुकसान एका महिन्याच्या कमाईतून भरून निघेल त्याचा विमा काढू नये, जे भरून निघणार नाही त्याचा चुकवू नये. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात पूर धरलेला आहे आणि इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे घरातील सामान आपोआप येते. ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या कारखान्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ आहे. मोटारीसाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकलम घ्यावे, आणि ते असो वा नसो, पाण्यात बुडालेली मोटार सुरू करून पाहू नये. ती ओढूनच न्यावी.

समोरचा ग्राहक सावध असेल तर

विक्रेत्याने सावध ग्राहकाला सूट देऊन काही साधत नाही, उलट ‘एवढे स्वस्त का?’ हा नवा संशय तयार होतो. त्याचा प्रश्न किमतीचा नसून फसण्याचा आहे. त्याला परतीची वाट लेखी द्यावी: नापसंत माल किती दिवसांत परत घेऊ, दुरुस्तीला माणूस किती वेळात येईल, पहिला एक नग नमुन्यादाखल चालेल का. जो ग्राहक सर्वांना विचारून येतो त्याला विचारणाऱ्यांची यादी मागू नये, जुन्या दोन ग्राहकांचे पत्ते त्यांच्या परवानगीने द्यावेत. आणि जो ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो, त्याला घाई करू नये. मराठी घरात ते वाक्य बहुतेक वेळा खरे असते.

वही ठेवावी

प्रत्येक मोठ्या निर्णयाची पाच ओळींची नोंद करावी: तारीख, काय ठरवले, कोणती भीती होती, वाईटात वाईट किती रुपयांचे गृहीत धरले आणि पुन्हा कधी पाहायचे. न घेतलेल्या निर्णयांचीही नोंद करावी, कारण आठवणीत फक्त चुकलेली धाडसे उरतात, चुकलेले नकार उरत नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला नव्या चोपड्या मांडताना ही वही उघडणे सोयीचे पडते. माझ्या वहीत सहा वर्षांपूर्वीची एक नोंद आहे: ‘मित्राच्या पॅकिंगच्या धंद्यात २ लाख घालण्यास नकार; भीती: त्याला धंद्याचा अनुभव नाही; वाईटात वाईट: २ लाख.’ त्याखाली पुढच्या पाडव्याला मी लिहिले, ‘धंदा चालला.’ त्याच्या पुढच्या पाडव्याला, ‘भीती बरोबर होती, आकडा चुकला होता, २ लाख गेले असते तरी घरातले काहीच थांबले नसते.’ यंदा त्याने दुसऱ्या शेडसाठी विचारले आहे, आणि त्याचे दोन वर्षांचे ताळेबंद मी मागवून घेतले आहेत.